नैराश्यावरील उपचार: मी डॉक्टरांना जे सांगितले नव्हते

२०२३ च्या एप्रिलमध्ये नागपुरात ऊन तापू लागले, तरी आमच्या मानेवाड्याच्या घरातील कूलर कोरडाच होता. होळी झाली की खसच्या ताट्या बदलायच्या, टाकी घासायची आणि रोज संध्याकाळी पाणी भरायचे, हे दरवर्षी माझेच काम. त्या वर्षी मात्र पत्नीने चार वेळा आठवण करूनही मला खुर्चीतून उठणे जमले नाही. पहाटे साडेतीनला जाग येत असे, जेवणाला चव लागत नसे आणि वीस वर्षे हिशेबाचे काम करूनही साधी बेरीज मला तीन-तीनदा तपासावी लागत असे. हा आळस नसून आजार आहे, हे आम्हा सर्वांच्या लक्षात यायला दोन महिने गेले.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी थायरॉईड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घेतले, कारण थायरॉईडचे काम मंदावले तरी अशीच मरगळ आणि उदासी येऊ शकते. अहवाल ठीक आले. त्यानंतर एका खासगी दवाखान्यात मात्र पाच मिनिटांत केवळ झोपेच्या गोळ्या लिहून मिळाल्या. झोप लागू लागली, पण सकाळचे ओझे तसेच राहिले. त्या गोळ्यांची सवय लागू शकते हे मला तेथे कोणीही सांगितले नाही, याचा राग माझ्या मनात अजूनही आहे.

जूनमधील एका रात्री, आपण नसलो तर घरच्यांचे बरे होईल, असा विचार मनातून हटेना, तेव्हा मी १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन लावला. मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून ती विनामूल्य आहे आणि दिवसरात्र चालते. पलीकडच्या ताईंनी मराठीतच, आडवळण न घेता, मरणाचे विचार येतात का, असे विचारले. आयुष्यात प्रथमच मी त्याला हो म्हणालो, आणि ते बोलून गेल्यावर छाती हलकी झाली. पत्नीला आत्ताच उठवा, असे त्यांनी सांगितले आणि ती जागी होईपर्यंत त्या फोनवर थांबल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार विभागात केसपेपर काढला. तेथील डॉक्टरांनी मला नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली भरायला दिली. गेल्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती दिवस झाला, यावर प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण असतात आणि बेरीज जास्तीत जास्त २७ होते. माझी १९ झाली. नैराश्य सौम्य असेल तर केवळ मानसशास्त्रज्ञांकडील संवादोपचारानेही सुधारणा होऊ शकते, पण माझ्यासारख्या अवस्थेत गोळ्या आणि संवादोपचार दोन्ही घेणे अधिक उपयोगी, असे त्यांनी समजावले. आईने घाबरतच ‘शॉक’बद्दल, म्हणजे विजेच्या झटक्याच्या उपचाराबद्दल, विचारले. रुग्णाने अन्नपाणी सोडले असेल किंवा जिवाचा धोका असेल, अशा तीव्र आजारात ती उपचारपद्धत जीव वाचवू शकते. काही काळ विस्मरण होऊ शकते, मात्र भूल न देता ती करण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी घातली आहे, असे उत्तर मिळाले. मला तिची गरज नव्हती. तरीही आई त्या उत्तराने निर्धास्त झाली, हे मला महत्त्वाचे वाटते.

मला एसिटालोप्रॅम हे नैराश्यावरील औषध सुरू झाले, आधी ५ आणि आठवड्याने १० मिलिग्रॅम. पहिला आठवडा मळमळीत गेला. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहूनही अधिक लागतात, हे आधीच सांगितले नसते तर मी तेव्हाच गोळी सोडली असती. चौथ्या आठवड्यात पत्नी म्हणाली, “अहो, आज तुम्ही पोहे मागून घेतले.” माझ्या स्वतःच्या ते ध्यानातही आले नव्हते.

यानंतरची चूक सर्वस्वी माझी आहे. गोळीमुळे पतिपत्नीच्या संबंधांवर परिणाम झाला होता आणि ते डॉक्टरांसमोर बोलण्याची मला लाज वाटत होती. बरे वाटू लागले आहे, असे स्वतःला समजावून ऑक्टोबरमध्ये मी गोळी एकदम बंद केली. तीन दिवसांत चक्कर, चिडचिड आणि डोक्यात वीज चमकल्यासारख्या झिणझिण्या सुरू झाल्या, आणि दिवाळीपर्यंत पहाटेची साडेतीनची जागही परत आली.

पुन्हा त्याच टेबलासमोर बसून मी अखेर सगळे सांगितले. डॉक्टर रागावले नाहीत. या गटातील गोळ्यांनी हा त्रास अनेकांना होतो आणि त्यावर पर्याय आहेत, असे ते म्हणाले. यापूर्वी कधी फिट आली होती का, हे विचारून त्यांनी मला ब्युप्रोपिऑन दिले, ज्यात हा दुष्परिणाम कमी आढळतो. पूर्ण बरे वाटू लागल्यानंतरही किमान सहा महिने औषध चालू ठेवायचे आणि बंद करताना त्यांच्या सल्ल्यानेच टप्प्याटप्प्याने कमी करायचे, हेही ठरले.

त्याच वेळी मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे दर आठवड्याची सत्रे सुरू झाली. त्यांनी एक शंभर पानी वही आणायला सांगितली. डाव्या बाजूला ठरवलेले काम, उजव्या बाजूला ते केल्यावर वाटलेल्या समाधानाचे दहापैकी गुण. मन लागेल तेव्हा काम करू, असे न म्हणता काम आधी करायचे, ही त्यांची अट होती. पहिल्या पानावर लिहिले आहे: ‘तुळशीला पाणी, २.’ पुढे ‘अंबाझरीपर्यंत फेरी, ४’, आणि मार्चमध्ये ‘कूलरच्या ताट्या बदलल्या, ७.’

शेवटच्या सत्रात आजार परतण्याच्या खुणांचा कागद तयार केला. तो कपाटाच्या दारावर आतून चिकटवला आहे. त्यात पहाटेची जाग, जेवणाची चव आणि बेरजेतील चुका मी लिहिल्या आहेत. खाली पत्नीच्या अक्षरात चौथी ओळ आहे: ‘डॉक्टरांना काही सांगायचे टाळत आहेत.’