तरुणांची गाडी, वडिलांची सही

मोटारींच्या जाहिरातींत वडील क्वचितच दिसतात. तिथे डोंगरमाथ्यावर पोहोचलेले मित्र असतात, नाहीतर सनरूफमधून अर्धे अंग बाहेर काढून वारा पिणारी मुलगी. प्रत्यक्षात शोरूममध्ये पॅन कार्ड आणि पगाराच्या पावत्या घेऊन बसलेले असतात ते वडीलच. भाच्यासाठी गाडी पाहायला गेलो, तेव्हा विक्रेत्याने ही दोन गिऱ्हाइके एकाच टेबलावर ज्या सफाईने सांभाळली, ती पाहण्यासारखी होती. भाच्याला त्याने भलामोठा स्क्रीन आणि सनरूफ दाखवले, आणि तेवढ्यातच त्याच्या वडिलांकडे वळून मायलेज, एअरबॅगा आणि पाच वर्षांनी विकताना किती येतील, हे सांगितले.

सनरूफचे तर मला नवलच वाटते. आपल्याकडे उन्हाळ्यात ते उघडवत नाही, पावसाळ्यात उघडता येत नाही आणि उरलेल्या दिवसांत धूळ असतेच. तरीही ह्युंदाईने २०२३ मध्ये एक्स्टरसारखी छोटी गाडी आणताना हार्दिक पंड्याला पुढे केले आणि तोंडी हुकमावर उघडणारे सनरूफ दिले.

तरुणांना स्वस्ताई दाखवून भागत नाही, हे टाटांच्या नॅनोने दाखवून दिले. २००९ मध्ये ती ‘एक लाखाची गाडी’ म्हणून आली. पुढे २०१४ मध्ये पॉवर स्टिअरिंगची ट्विस्ट, २०१५ मध्ये ऑटोमॅटिक गिअरची जेनएक्स असे बरेच साज चढवले, पण कॉलेजच्या फाटकापाशी जिच्यातून उतरताना इकडेतिकडे पाहावे लागते, ती गाडी कोणता मुलगा मागेल?

नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या महिंद्राच्या थारचे उलटे झाले. २०२० च्या नव्या थारमध्ये ऑटोमॅटिक गिअर आणि टचस्क्रीन आले, पोरे वेडी झाली. मात्र दारे तीनच असल्यामुळे मागे बसायचे तर पुढची सीट वाकवून आत शिरावे लागे, आणि गुडघे दुखणाऱ्या आजीचे नाव निघाले की घरातली चर्चा तिथेच संपे. १५ ऑगस्ट २०२४ रोजी पाच दारांची रॉक्स आली. ऑक्टोबरमध्ये बुकिंग सुरू झाल्यावर पहिल्या तासाभरातच १,७६,२१८ नोंदण्या झाल्या. त्यांतल्या किती वडिलांच्या कार्डावरून झाल्या असतील, याचा मी आपला अंदाज बांधत बसलो.