कॉडरची म्युरिएल

नाशकात वधू-वर सूचक केंद्र चालवणाऱ्या बाईला स्कॉटलंडच्या जुन्या प्रेमकथांचा एवढा नाद, याचं आता आमच्या घरी कुणाला नवल वाटत नाही. दिवसभर स्थळं, पत्रिका, बैठका. रात्री जेवणं उरकली की तिकडच्या डोंगराळ मुलखातले किल्ले, पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर असलेली दोन घराणी आणि तह म्हणून ठरवलेलं लग्न. कथेचा साचा ठरलेलाच असतो. नवरी वैऱ्याच्या उंबऱ्यात येते, नवरा आधी ताठ, मग हळूहळू विरघळतो, आणि शेवटच्या प्रकरणात दोन्हीकडचे एका पंगतीला बसतात. मला हा साचा मनापासून आवडतो. इतिहासाने जिला एक वाक्यसुद्धा बोलू दिलं नाही, तिला तिथे तीनशे पानं मिळतात.

फक्त या कथा एका प्रश्नाला बगल देतात, आणि तो प्रश्न मी माझ्या टेबलासमोर ऐकला आहे.

मागे दिंडोरीकडच्या दोन द्राक्षबागाईतदारांची सोयरीक आमच्याकडे आली. बांधाला बांध लागून. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून कोर्टात दावा चाललेला. नातेवाइकांनी तोडगा काढला की याचा मुलगा, त्याची मुलगी, विषय संपला. बैठकीत याद्या लिहायला घेतल्या. कार्यालय कुणाचं, मानपान किती, सोनं किती तोळे, आणि त्याच कागदावर खाली पाण्याची पाळी कुणाची कोणत्या वारी. मुलगी शिकलेली, शांत. सगळे चहाला उठल्यावर माझ्याजवळ आली नि म्हणाली, “काकू, मुलगा मला पसंत आहे. पण उद्या परत पाण्यावरून पेटलं तर मी कुणाकडून बोलायचं?”

मी त्या दिवशी सुपारी फोडू दिली नाही. आधी दावा मागे घ्या, मग या, म्हणून दोन्ही घरच्यांना सांगितलं. थोडा गोंधळ झाला, पण ऐकलं.

मुलीचा तो प्रश्न मनात घेऊनच मी कॉडरच्या म्युरिएलकडे पाहते. स्कॉटलंडच्या उत्तरेला नेर्नजवळ कॉडरचा किल्ला आहे. तिथल्या घराण्याची म्युरिएल ही एकुलती वारस. वडील वारलेले, मुलगी तान्ही. तिकडचा कायदा असा, की वारस अज्ञान असेल तर तिचं पालकत्व आणि तिचं लग्न लावायचा हक्क राजाकडे जायचा, आणि राजा तो मर्जीतल्या माणसाला देऊन टाकायचा. चौथ्या जेम्स राजाने तो अर्गाइलच्या अर्लला दिला. हा अर्ल, म्हणजे तिथला उमराव, कॅम्पबेल घराण्याचा प्रमुख. पोर हाती आली की जमीन हाती आली, इतका सरळ व्यवहार.

१४९९ साली कॅम्पबेलांची माणसं तिला उचलायला आली. पुढचं सगळं परंपरेने चालत आलेलं आहे. पोर नेणार हे कळल्यावर घरातल्या बाईने, कुणी आई म्हणतं कुणी आजी, किल्ली तापवून तिच्या कमरेखाली डाग दिला. दाईने करंगळीचं टोक दातांनी तोडलं. उद्या कुणी भलतीच मुलगी उभी करून हीच म्युरिएल म्हणू नये, म्हणून ही खूण. मी हे प्रथम वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवलं. त्या बायकांच्या हातात दुसरं काहीच नव्हतं. पोरीला वाचवणं शक्य नव्हतं, तिची ओळख तेवढी वाचवता येत होती, तीही तिच्याच अंगावर लिहून.

काका मागावर धावले. चकमक झाली. असं सांगतात, की कॅम्पबेलांच्या म्होरक्याने धान्याच्या पेंढीला मुलीचे कपडे घालून काकांना चकवलं, आणि त्या झटापटीत त्याचे स्वतःचे मुलगे पडले. काकांची माया किती आणि जमिनीची ओढ किती, कोण सांगणार? मुलगी नसती तर वारसा त्यांच्याकडेच येत होता.

१५१० साली, बाराएक वर्षांच्या म्युरिएलचं लग्न अर्लच्या धाकट्या मुलाशी, जॉन कॅम्पबेलशी लागलं. संसार लांबला, मुलंबाळं झाली, आणि कॉडर आजही त्यांच्याच वंशजांकडे आहे. प्रेमकथा लिहिणाऱ्याला आणखी काय हवं? पळवून आणलेली मुलगी, ठरवून दिलेला नवरा, आणि टिकलेलं घर.

मला मात्र १५२३ हे साल सोडवत नाही. जॉनची बहीण म्हणजे कॅम्पबेलांची लेक, मल बेटावरच्या डुआर्टच्या लॅकलन मॅक्लीनला दिलेली. मॅक्लीन आणि कॅम्पबेल यांचं काही बरं नव्हतं, म्हणून तर ती सोयरीक. आख्यायिका सांगते, की लॅकलनला ती नकोशी झाली आणि भरतीला बुडणाऱ्या एका खडकावर त्याने तिला सोडून दिलं. मासेमारांनी तिला वाचवलं. हा मात्र बायको गेली म्हणून शोक करत तिच्या माहेरी पोचला, तर ती समोर जेवणाच्या मेजावर बसलेली! तो खडक आजही नकाशावर ‘लेडीज रॉक’ म्हणून आहे. आख्यायिकेचं काहीही असो, १५२३ साली एडिंबरोत लॅकलन मॅक्लीनचा खून झाला, आणि तो केला जॉन कॅम्पबेलने. म्युरिएलच्या नवऱ्याने.

स्कॉटलंडमध्ये बायका लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावत. म्हणजे जॉनची बहीण मॅक्लीनांच्या वाड्यात कॅम्पबेल म्हणूनच वावरली, आणि म्युरिएल कॅम्पबेलांच्या घरात कॉडरची म्हणून. रोज हाक मारताना दोन्ही घराण्यांना आठवण.

आपल्याला हे परकं नाही. सिंदखेडच्या जाधवांची लेक भोसल्यांकडे दिलेली, आणि निजामशाहीत खंडागळ्यांचा हत्ती बिथरल्याचं निमित्त होऊन जाधव-भोसले एकमेकांवर तुटून पडले. दत्ताजी जाधव गेले, शहाजीराजांचे चुलतभाऊ संभाजी भोसले गेले. जिजाऊंचा सख्खा भाऊ एका बाजूला, चुलतदीर दुसऱ्या. त्या रात्री जिजाऊंनी कुणासाठी रडायचं, हे कुठल्या बखरीत नाही.

म्युरिएलवर मीही एक गोष्ट लिहिते आहे, आणि म्हणूनच ती लग्नापासून सुरू केलेली नाही. १५२३ मध्ये म्युरिएल पंचविशीची आहे. नवरा एडिंबरोहून परत येतो आणि सांगतो, बहिणीचा सूड घेतला. घरात सगळे त्याला शाबासकी देतात. म्युरिएल मात्र विचारते, “बहिणीवर अन्याय झाला म्हणून तुम्ही सुरा घेऊन इतक्या लांब गेलात. माझे काका माझ्यामागे धावले, तेव्हा तुमच्या घराने त्यांना काय म्हटलं होतं?”

जॉनच्या उत्तरावर मी सध्या अडले आहे. त्याला खलनायक केलं तर काम सोपं आहे. पण मला तो तिच्यावर जीव लावणारा नवराच ठेवायचा आहे, आणि तरीही त्याने हे टाळता कामा नये. लग्नसराई संपली, की सावानाच्या, म्हणजे आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या, वाचनकक्षात बसून ते पान पुरं करणार आहे.