गरम करायची सोय नसते त्यांच्याकडं

फ्रीजमध्ये काय ठेवू, असं आता इतकी लोकं विचारायला लागलीत की एकदाच बसून लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवली की काम झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मिरजेत दवाखान्यांच्या त्या पट्ट्यात एका मेडिकलच्या ओट्यावर काचेच्या दाराचा, कोल्ड्रिंकच्या दुकानात असतो तसला फ्रीज आहे. ज्याला वाटेल त्यानं अन्न आणून ठेवायचं, ज्याला लागेल त्यानं घेऊन जायचं, नाव-गाव कुणी विचारत नाही. मिरजेतच का, तर सांगली-मिरजेच्या लोकांना हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते, १८९४ साली डॉ. वानलेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून मिरज हे डॉक्टरांचं गाव आहे. जतपासून अथणी-विजापूरपर्यंतची लोकं पेशंट घेऊन इथंच येतात. पेशंटची काहीतरी सोय होते हो, पण त्याच्याबरोबर आलेला भाऊ, नाहीतर आई, ती व्हरांड्यात चटई टाकून झोपलेली असतात आणि पैसे तपासण्यांत चाललेले असतात, त्यामुळं पहिली काटकसर होते ती स्वतःच्या जेवणात. फ्रीज मुख्य करून त्यांच्यासाठी. बाकी वॉचमन घेतात, रिक्षावाले घेतात, परीक्षेची तयारी करणारी पोरं पण घेतात, घेऊ देत की.

आमच्या ह्यांचा पहिला प्रश्न, "उरलेलं द्यायचं असतं ना त्यात?" तर तसं म्हटलं तर ते बरोबरच आहे. स्पेनमध्ये गाल्डाकाओ नावाच्या गावात २०१५ ला असा फ्रीज रस्त्यावर ठेवला तो वाया जाणारं अन्न वाचवायलाच, आणि आपल्याकडं कोचीत २०१६ ला एका हॉटेलनं दाराबाहेर ठेवला तोही तसाच, जास्तीचं असेल ते ठेवा म्हणून. संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा एक रिपोर्ट आहे, त्यात भारतात घराघरांतून माणशी वर्षाला ५५ किलो अन्न टाकलं जातं असा अंदाज दिलाय (त्यात साली, देठं, हाडं पण धरलीत, लगेच घाबरू नका). पण मला सांगा, आपल्या घरात उरतं ते काय? वाटीभर आमटी, दीड चपाती आणि तळाची भाजी. ते दुसऱ्याला कुठं देणार, त्याचा कुस्करा करून आपणच खातो. माझं मत असं की फ्रीजमध्ये द्यायचं तर फ्रीजसाठी म्हणून वेगळं शिजवायचं, आणि शिजवताना एकच गोष्ट डोक्यात ठेवायची, की हे माणूस गारच खाणार आहे. तिथं गॅस नाही, ओव्हन नाही, ताट नाही, बऱ्याचदा बसायला जागा पण नाही.

एवढं एक धरलं की निम्मा मेनू आपोआप बाद होतो बघा. आमटी-भात बाद. आमटी कॅरीबॅगेत गाठ मारून ठेवलेली मी डोळ्यानं बघितलीय, ती माणसानं प्यायची कशी? शिरा बाद, कारण तूप गारठलं की शिऱ्याची वडी होते, चमचा मोडतो पण शिरा निघत नाही. तुपाची फोडणी, डालड्यातला पुलाव, सगळं त्यातच, वर पांढरे कण धरतात आणि टाळूला चिकटतं. त्यामुळं फ्रीजच्या स्वयंपाकाला फक्त तेल. ज्वारीची भाकरी, आपला एवढा जीव तिच्यावर, पण फ्रीजमध्ये ठेवली की पापुद्रा कडक आणि आतनं नुसता भुगा. साध्या चपातीचं पण तेच, वातड होते. कच्चा कांदा घातलेलं काहीही नको, दार उघडलं की सगळ्या फ्रीजला वास. ओलं खोबरं नको, ते सगळ्यात आधी दगा देतं. आणि मीठ-तिखट चाखायचं ते पदार्थ गार झाल्यावर, कारण गरम असताना बरोबर लागलेलं गार झालं की अळणी लागतं.

मग राहिलं काय? तर आपल्या आज्यांनी प्रवासाला जे जे बांधून दिलं ते सगळं. दशम्या, धपाटी, तिखटमिठाच्या पुऱ्या, घट्ट झुणका, बटाट्याची सुकी भाजी, मोड आलेल्या मटकीची कोरडी उसळ. गार खायचा स्वयंपाक आपल्याकडं आयता आहेच की, बैलगाडीतनं आणि एसटीतनं फिरून तावूनसुलाखून निघालेला!

धपाट्याचं जरा नीट सांगते कारण त्यात माझा हात बसलाय. ज्वारीचं पीठ दोन वाट्या, कणीक एक वाटी, बेसन अर्धी, त्यात लसूण-जिरं-मिरचीचं वाटण, हळद, तीळ, मेथी किंवा कोथिंबीर, आणि मुख्य म्हणजे उकडून किसलेला एखादा बटाटा नाहीतर लाल भोपळ्याचा कीस. भिजवायचं दह्यात, पाणी शक्यतो नाहीच, आणि मोहन म्हणून थोडं तेल. बटाट्यानं आणि दह्यानं ते गारठ्यात पण मऊ राहतं, गुंडाळी केली तर तुटत नाही. पूर्ण गार झाल्यावर, म्हणजे हाताला अजिबात ऊब लागत नाही इतकं गार, आत झुणक्याचा लांबुडका पट्टा ठेवून गुंडाळायचं आणि बटर पेपरमध्ये बांधायचं. वर्तमानपत्रात नाही हं, त्याची शाई अन्नाला लागते, एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षा बघणारं सरकारी खातं, ते पण केव्हापासून ओरडून सांगतंय. कोमट असतानाच बांधलं तर आत पाणी सुटतं आणि धपाट्याचा लगदा होतो. एका गुंडाळीत एका हातानं खाता येतं, दुसऱ्या हातात सलाईनची बाटली धरलेली असली तरी.

उन्हाळ्यात मात्र दहीभात, दुसरं काही सुचवूच नका. आपल्या भागात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा गार दहीभात म्हणजे सुखच. पण भाताला जपावं लागतं. तांदळात एका जंतूचे बीजाणू असतात, बॅसिलस सिरीयस त्याचं नाव, ते शिजवताना पण मरत नाहीत, आणि भात तासन्‌तास कोमट राहिला की जागे होऊन वाढतात, वर त्यांनी सोडलेलं एक विष परत गरम करून पण जात नाही. म्हणजे गरम केलं की झालं निर्जंतूक, हा आपला सगळ्यांचा समज भाताच्या बाबतीत खोटा. पाच ते साठ डिग्री हा सगळा जंतूंच्या आवडीचा पट्टा, त्यातनं अन्न जितक्या लवकर खाली नेता येईल तितकं न्यायचं, आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत ते फ्रीजमध्ये गेलंच पाहिजे. खोल पातेल्यात भात ठेवला तर वरनं गार लागतो पण मधे बोट घाला, भाजतंय. म्हणून कुकर उघडला की लगेच दोन मोठ्या पराती, भात पातळ पसरायचा आणि वर पंखा फुल्ल. निवत आला की दूध घालून हातानं कालवायचा आणि पूर्ण गार झाला की मग दही, दह्यापेक्षा दूध जास्त, म्हणजे आंबत नाही. आणि पळीनं वाढता येईल असा सैल ठेवायचा, फ्रीजमध्ये भात सगळं पिऊन घेतो आणि दुपारपर्यंत घट्ट होतो. वर तेलाची फोडणी गार करून, जिरं, हिंग, कढीपत्ता, सांडगी मिरची. आटपाडीची डाळिंबं स्वस्त असतील तेव्हा मूठभर दाणे, नाहीतर तासगावचे बेदाणे. बेदाणा काय आपल्याकडं कायमच घरात पडलेला असतो, पाहुणा आला की अर्धा किलो हातात ठेवून जातो.

डबे म्हणाल तर पार्सलवाले अर्धा लिटरचे प्लॅस्टिकचे, होलसेलमध्ये घेते. स्टीलचे द्यायची माझी फार इच्छा होती पण पेशंट डिस्चार्ज होऊन गावाला गेला की डबा परत कोण आणणार. एका डब्यात एका माणसाचं पोट भरेल एवढं आणि चमचा झाकणाला चिकटपट्टीनं लावलेला. मोठं भांडं ठेवून "घ्या हवं तेवढं" हे अजिबात नको, दहा जणांचे हात त्यात जातात.

आणि डब्यावर चिठ्ठी. पदार्थाचं नाव, कधी शिजवला ती तारीख आणि वेळ, कधीपर्यंत खायचा, त्यात शेंगदाणा-दूध काय काय आहे, आणि व्हेजचा हिरवा ठिपका. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी एफएसएसएआयचे २०१९ चे नियम आहेत, चिठ्ठी त्यातल्यासारखी लावली तर खाणाऱ्याला धीर येतो. अनोळखी माणसानं शिजवलेलं अन्न उचलायला पण हिंमत लागते हो. माझ्या चिठ्ठ्या आधी नुसत्या मराठीत असायच्या, मग मेडिकलवाले मामा म्हणाले, "ताई, निम्मी माणसं कर्नाटकातली, डबा हातात घेऊन मला विचारत्यात आत काय हाय." आता वरच्या मजल्यावरच्या वहिनी, त्यांचं माहेर अथणीचं, त्या खाली कन्नडमध्ये लिहून देतात. एकदा बसल्या की महिन्याभराच्या लिहून टाकतात, वेळेची जागा तेवढी मोकळी.

काही चिठ्ठ्यांवर मात्र पदार्थाचं नाव बारीक आणि देणाऱ्याचं नाव ठळक असतं, अमक्यांच्या स्मरणार्थ, तमक्यांच्या वाढदिवसानिमित्त, खाली मोबाईल नंबर सुद्धा. एकानं तर डबा घेणाऱ्या आजींबरोबर सेल्फी काढायला घेतला होता, मामांनीच हाकललं त्याला. घेणारा माणूस आधीच इकडं-तिकडं बघून दार उघडत असतो, त्यात तुमचा कॅमेरा. ठेवायचं आणि निघायचं.

लग्नाच्या कार्यालयातलं उरलेलं पण येतं अधनंमधनं, आणि त्यावरनं भांडणं होतात. रात्री आठला शिजलेला मसालेभात, बाराला पंगती उठल्या, रात्रभर टोपात झाकून, सकाळी टेम्पोतनं हजर. देणाऱ्याला वाटतं आपण पुण्य करतोय, मामा नको म्हणाले की त्याला राग येतो. "अन्नाला नाही म्हणू नये" हे खरं, पण आधीच दवाखान्यात असलेल्या माणसाला जुलाब लावून आपण काय मिळवणार? रात्रीच पंगत उठल्याउठल्या गरम भांड्यातलं तिथंच वाटून टाका, ते चांगलं.

खरं तर कुठलं अन्न टिकतं नि कुठलं नाही हे सांगलीकरांना २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरातच कळायला पाहिजे होतं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४५ फुटाला धोक्याची पातळी, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा गावोगावनं भाकरीचे ढीग यायचे, माळावरच्या गावातल्या बायका रात्ररात्र थापत बसल्या होत्या. त्यातल्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी चार-चार दिवस पुरली, भाजी-भात मात्र दुपारपर्यंत वास मारायचा. म्हणून फ्रीजशेजारी आता एक टोपली पण आहे, ज्याला गारव्याची गरज नाही ते त्यात जातं, कडक भाकरी, चटणीच्या पुड्या, केळी, राजगिऱ्याचे लाडू, भडंग. खरं सांगायचं तर फ्रीजपेक्षा टोपली लवकर रिकामी होते. आणि लाईट गेली तरी तिला काही फरक पडत नाही. फ्रीजमध्ये आम्ही एक साधा थर्मामीटर टांगलाय, पाच डिग्रीच्या वर काटा जाऊन बराच वेळ झाला असेल तर दहीभात-उसळ सगळं काढून टाकतो, जीव तुटतो पण टाकतोच. दार सारखं उघडतं म्हणून दूध-दह्याचं मागं, भिंतीला लागून ठेवायचं, धपाटी पुढं चालतात.

ज्यांना सुरुवात करायचीय त्यांनी टोपलीपासून करा, सगळ्यात सोपं. अंडी, मटण, मासे आणू नका, मामा घेणार नाहीत. मंगळवार आणि शुक्रवार माझे, रविवार एका भिशीच्या ग्रुपनं घेतलाय आणि त्या दर वेळी पुऱ्याच आणतात, त्यांना कुणीतरी सांगा. गुरुवार अजून मोकळा आहे, त्या दिवशी कायम तुटवडा पडतो. आणि गार खाता येईल अशी एखादी पालेभाजी कुणाला जमत असेल तर खरंच कळवा, मी पीठ पेरून, परतून, सगळं करून बघितलं, मेथी तेवढी बरी लागते, बाकी सगळ्या गवतासारख्या.