तुम्ही विचारलंत म्हणून: बाईंच्या नावाची शिष्यवृत्ती पहिल्या आलेल्या मुलीला का नाही?

दर वर्षी दिवाळीच्या सुमारास हा प्रश्न येतो. कधी बडोद्याच्या खंडेराव मार्केटात भाजी घेताना, कधी लग्नाच्या पंगतीत, कधी थेट फोनवर. "ताई, तुमच्या बाईंच्या नावाची शिष्यवृत्ती पहिल्या नंबराला का देत नाही हो? बाई एवढ्या विद्वान. हुशार मुलीला मिळाली तर त्यांच्या नावाला शोभेल." विचारणारे आपुलकीनंच विचारतात, त्यातल्या काहींनी या निधीत पैसेही घातलेत. उभ्याउभ्या दोन वाक्यांत त्याचं उत्तर होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आम्हाला शाळेत शिकवणाऱ्या बाईंच्या नावाची ही शिष्यवृत्ती शाळा मध्येच सुटलेल्या आणि परत आलेल्या मुलीला मिळते. किमान दोन महिने सलग गैरहजर, आणि त्यानंतर पुन्हा वर्गात. इयत्ता नववी ते बारावी. गुण विचारत नाही, माध्यमही विचारत नाही. बडोद्यातल्या मराठी शाळांचे पट आता इतके लहान झालेत की आमच्याच घरांतल्या बहुतेक मुली गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमात आहेत. आणि बाई मुलींच्या घरी जायच्या तेव्हा त्या घरात कोणती भाषा बोलतात हे बघून जात नव्हत्या.

१९७३ साली मी आठवीत होते. धाकट्या भावाच्या बाळंतपणानंतर आई अंथरुणाला खिळली. वडील गिरणीत, पाळी दर आठवड्याला बदलायची. दिवाळीची सुट्टी संपली आणि मी शाळेत गेलेच नाही. "जाऊ नकोस" असं मला कुणीही म्हटलेलं नव्हतं. पहाटे नळाला पाणी यायचं, ते भरायचं, मग स्टोव्ह, मग बाळाची दुपटी, मग आईचं औषध, की अकरा वाजून गेलेले असायचे. शाळा सुटते ती अशीच सुटते. त्या दिवशी घरात कुणी काही ठरवलेलं नसतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई आल्या. वाड्याच्या ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या, आत जाऊन आईच्या कपाळाला हात लावून आल्या. मला रागावल्या नाहीत. वडिलांची वाट बघत बसल्या आणि ते आल्यावर पिशवीतून एक कागद काढून म्हणाल्या, "दादा, इथं सही करा." तो रजेचा अर्ज होता, त्यांनीच लिहून आणलेला. अर्ज नसेल आणि मुलगी बरेच दिवस आली नाही, की तिचं नाव पटावरून कमी व्हायचं. एकदा नाव कमी झालं की पुन्हा दाखला, पुन्हा प्रवेश, पुन्हा हेडबाईंच्या टेबलापुढं उभं राहणं. यातलं काहीही आमच्या घरून झालं नसतं, हे बाईंना आमच्यापेक्षा आधी कळलं होतं. पुढचे तीन महिने त्या दर महिन्याला आल्या आणि नव्या अर्जावर सही घेऊन गेल्या. हजेरीपटात माझ्या नावापुढं त्यांनी एकदाही खोटा 'ह' मांडला नाही. रोज 'गै' लिहिलं, पण नाव राहू दिलं.

त्या गणित शिकवायच्या. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला त्यांनी कार्बन पेपर दिला होता. ती वर्गात जे लिहायची त्याची खालची निळसर प्रत माझ्यासाठी जमा व्हायची. फेब्रुवारीत मी परत गेले तेव्हा बाईंनी सुतळीनं बांधलेला तो गठ्ठा माझ्यापुढं ठेवला. काही पानं इतकी फिकी की उन्हात धरून वाचावी लागायची. वार्षिक परीक्षेत मी कशीबशी पास झाले. वर्गात माझ्यामागं फार तर पाचसहा मुली असतील. पुढं त्याच शाळेतून मॅट्रिक झाले, कॉलेज झालं, बँकेत नोकरी लागली आणि ती ३४ वर्षं टिकली. पहिल्या नंबराचा निकष लावला असता तर त्या फेब्रुवारीत मला कुणी एक पेन्सिलही दिली नसती.

बाई वारल्यावर आम्ही जुन्या विद्यार्थिनी जमलो. तिथं एकेकीनं बोलायला सुरुवात केली आणि लक्षात आलं की अशी मी एकटी नव्हते. कुणाच्या पोळमध्ये (जुन्या शहरातल्या गल्लीत), कुणाच्या चाळीत, कुणाच्या गुजराती शेजारणीला "बेन, छोकरी क्यां छे?" असं विचारत बाई संध्याकाळच्या फिरत होत्या. त्यांच्या वर्गातल्या पहिल्या नंबराच्या मुलीही तिथं होत्या. त्यातलीच एक म्हणाली, "मला बक्षिसं खूप मिळाली. बाई माझ्या घरी कधीच आल्या नाहीत, कारण यायची गरज पडली नाही." निकष त्याच दुपारी ठरला.

बडोद्यात गैरहजेरी हा जुना विषय आहे. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात करून पाहिलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात लागू केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकांना दंड होता. ब्रिटिश हिंदुस्थानात असा कायदाही नव्हता तेव्हाची ही गोष्ट, आणि तिचा मला अभिमान आहे. आज गुजरात सरकारची नमो लक्ष्मी योजना आहे, २०२४ पासूनची. नववी ते बारावीच्या चार वर्षांत मुलीला मिळून ५०,००० रुपये. योजना चांगली आहे, तिचे अर्ज भरायला मी स्वतः मुलींना मदत करते. पण तिला ८० टक्के हजेरी लागते. सरकारला काहीतरी मोजावं लागणार आणि हजेरी मोजता येते, हे मला समजतं. तरी घरात आजारपण आलं, वडिलांचं काम सुटलं, आईला गावी जावं लागलं, की पहिली पडते ती हजेरीच. ज्या महिन्यांत मुलीला पैशांची सगळ्यांत जास्त निकड असते, नेमके तेच महिने हिशेबातून गळतात. आमची छोटीशी रक्कम त्या फटीत बसवायची आहे.

"पण शिष्यवृत्ती म्हणजे गुणवत्ता" असं म्हणणाऱ्यांना मी आपल्याच शहराची आठवण करून देते. बडोदा संस्थानानं दिलेली सगळ्यांत प्रसिद्ध शिष्यवृत्ती म्हणजे १९१३ ची, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी दिलेली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. त्याआधी बी. ए. करतानाही त्यांना महाराजांकडून महिना २५ रुपये मिळत होते. मॅट्रिकला त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. पहिल्या नंबराची अट असती तर ते २५ रुपयेही कुणा दुसऱ्याच्याच हातात पडले असते. सयाजीबागेजवळच्या बाबासाहेबांच्या संकल्पभूमीवरून जाताना माझ्या मनात दर वेळी हा २८२ चा आकडा येतो.

आता नावाबद्दल, कारण "शोभेल" या शब्दात तोही मुद्दा आहे. रावपुऱ्यातला चिमणाबाई टॉवर सयाजीराव महाराजांच्या पत्नी, पहिल्या चिमणाबाई महाराणींच्या स्मरणार्थ उभा आहे. मुंबईच्या महिला विद्यापीठाच्या नावातल्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी या सर विठ्ठलदासांच्या आई. मुलानं १९२० मध्ये १५ लाखांची देणगी जाहीर केली आणि कर्व्यांच्या विद्यापीठाला आईचं नाव मिळालं. महाराणीला राजा असतो, आईला मुलगा असतो. शिकवणाऱ्या बाईला फक्त विद्यार्थी असतात, आणि ते साठी गाठेपर्यंत त्यांच्या हातात पैसे नसतात. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या मोठ्या ग्रंथालयाला हंसाबेन मेहतांचं नाव आहे याचं मला म्हणूनच विशेष वाटतं. १९४९ मध्ये त्या या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. मुलामुलींच्या एकत्र विद्यापीठाची कुलगुरू झालेली भारतातली ती पहिली स्त्री. आणि तिचं नाव दिलं ते रोज उघडणाऱ्या, शेकडो मुलं आत-बाहेर करणाऱ्या वास्तूला. आमच्या बाईंच्या नावानं वास्तू उभारणं आमच्या आवाक्यात नव्हतं. पण नाव वापरात राहावं, वर्षातून एकदा हार घालण्यापुरतं राहू नये, एवढं आम्हाला कळत होतं.

पैशांचं जरा बारकाईनं सांगते, कारण तिथंच अशा निधींचा जीव जातो आणि मी आयुष्यभर ठेवींच्या खिडकीवर बसले आहे. एका जुन्या संस्थेची स्मृतिपारितोषिकांची वही एकदा पाहण्यात आली. तीत पानोपानी निवृत्त शिक्षिकांची नावं. काहींच्या विद्यार्थ्यांनी दिलेले निधी, काहींनी स्वतःच्या प्रॉव्हिडंट फंडातून ठेवलेले. १९८५ च्या सुमारास २,००० रुपये ठेवले तर ११ टक्क्यांनी वर्षाला २२० रुपये यायचे. तेवढ्यात बक्षीस समारंभात नाव घेण्यासारखं काही देता यायचं. आज तीच २,००० ची ठेव साडेसहा टक्क्यांनी १३० रुपये देते. मुद्दल सुरक्षित आहे, नाव वहीत आहे, आणि त्या बाईंच्या नावानं मुलीला एक पेन मिळतं. कुणी काही खाल्लं नाही, कुणाची लबाडी नाही. नुसतं लक्ष गेलं नाही. ती वही मिटताना मला फार वाईट वाटलं.

म्हणून २००८ मध्ये आमच्याकडे २,४०,००० रुपये जमले तेव्हा दोन गोष्टी पक्क्या केल्या. पहिली, प्रत्येक देणगीदाराकडून चिठ्ठी लिहून घेतली की ही रक्कम कायम निधीसाठी आहे. असं लेखी नसलं की विश्वस्त संस्थेच्या हिशेबात ती साधी देणगी धरली जाते आणि चालू खर्चात जाऊ शकते. दुसरी, व्याजातले १५ टक्के दर वर्षी मुद्दलात परत घालायचे. प्राप्तिकरातून सूट हवी तर धर्मादाय संस्थेला उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्देशावर खर्च करावा लागतो, उरलेले १५ टक्के बाजूला ठेवता येतात. ते आम्ही कधी सोडले नाहीत. त्या वेळी ९ टक्क्यांनी २१,६०० व्याज यायचं आणि दोन मुलींना ९,००० प्रमाणे देता यायचे. २०२१ मध्ये दर साडेपाचच्या आसपास आले. मुद्दल वाढूनही दोघींना साडेसहा हजारच देता आले, आणि तेही शाळा बंद पडून असंख्य मुली घरी बसल्या होत्या त्या वर्षी. त्यानंतर आम्ही पुन्हा दारोदार गेलो. आता मुद्दल ६ लाखांवर आहे आणि तीन मुलींना ११,००० प्रमाणे मिळतात. पहिला हप्ता अर्ज आल्यापासून आठ दिवसांत. बसचा पास, परीक्षेचा फॉर्म, एकीला चष्मा, असल्या गोष्टींवर तो जातो. पुन्हा शाळा सुटली तर पैसे परत मागत नाही.

एक चूक आमच्याकडून झाली, ती सांगायलाच हवी. सुरुवातीच्या अर्जात एक रकाना होता: गैरहजेरीचं कारण. तिसऱ्या वर्षी एक दहावीची मुलगी आली. नाव, पत्ता, शाळा भरलं, आणि त्या रकान्यावर पेन टेकवून बसली. मी समोरच होते. काही विचारू नये एवढं सुचलं, पण "तो सोडून दे" म्हणायचं सुचलं नाही. दहा मिनिटांनी तिनं अर्जाची घडी केली आणि "मम्मीला विचारून आणते" म्हणून निघाली. ती परत आली नाही. तिच्या शाळेत चौकशी केली, तिथूनही ती गेली होती. बाईंनी माझ्या वडिलांच्या नावानं लिहिलेल्या अर्जांत कारण काय लिहिलं होतं, हे मी तेव्हा आठवून पाहिलं. "घरगुती अडचण." चारही अर्जांत तेच दोन शब्द. पुढच्या वर्षीपासून तो रकाना काढून टाकला. कार्यक्रम आणि धनादेश देतानाचा फोटोही त्याच वर्षी बंद केला, त्यामुळे "तुमचा समारंभ कधी असतो" याचंही उत्तर यातच आलं.

पहिल्या आलेल्या मुलींचं कौतुक व्हायलाच हवं. ते करणाऱ्या संस्था बडोद्यात पुष्कळ आहेत आणि मी त्यांच्या समारंभांना आनंदानं जाते. कुणाला आपल्या बाईंच्या नावानं तसं पारितोषिक ठेवायचं असेल तर ठेवीची आकडेमोड करून द्यायला मी तयार आहे. आमच्या निकषात मात्र बदल होणार नाही.

यंदाचे अर्ज दुसऱ्या सत्राच्या तिसऱ्या आठवड्यापासून घेऊ. जूनमध्ये का नाही, असंही दोघांनी विचारलंय. जून महिन्यात हाती येतात ती शाळा सोडून गेलेल्या मुलींचीच नावं. परतलेल्या मुली दिवाळीनंतरच वर्गात दिसायला लागतात. तुमच्या शेजारी, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या घरी, तुमच्या मुलीच्या वर्गात अशी कुणी दिसली तर तिला अर्ज पोचवा. एकच पान आहे, मराठी, गुजराती आणि हिंदीत, आणि शाळेच्या शिक्क्यासाठी थांबायची गरज नाही. तो आम्ही स्वतः जाऊन आणतो.