बोर्डिंगची रात्रीची प्रार्थना

सर्वांना जय ख्रिस्त आणि नमस्कार. ज्युबिलीच्या अंकासाठी काहीतरी लिहा असा कमिटीचा मेसेज आला तेव्हाच मनात ठरलं की खोखोची टीम, गॅदरिंग, सहली यावर बाकीचे लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा छान लिहितील, आपण बोर्डिंगच्या रात्रीच्या प्रार्थनेवर लिहायचं. कारण शाळेने जे दिलं त्यातलं मला आयुष्यभर सगळ्यात जास्त पुरलं ते हेच. गणित पुरलं, मराठी पुरलं, शिवणकाम सुद्धा पुरलं, पण रात्री देवाचं नाव घ्यायचं आणि सकाळी उठून त्याने सांगितलेलं करायचं ही जी जोडी बोर्डिंग सांभाळणाऱ्या बाईंनी आमच्या डोक्यात घट्ट बसवली ना, तिच्यावर माझी सगळी नोकरी आणि सगळा संसार उभा राहिला.

नव्या मुलींना कदाचित माहीत नसेल म्हणून सांगते. आपल्या नगरकडे मिशनचं काम 1831 पासूनचं, म्हणजे आमच्या आजीच्या आजीच्याही आधीचं, आणि रेव्हरंड ना. वा. टिळक राहिले ते सुद्धा नगरलाच. 1895 मध्ये मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि नंतर त्यांनी जी भजनं लिहिली ती अभंग-ओवीच्या वळणाची, आपल्या मातीतली, त्यामुळे आमची उपासना म्हणजे सतरंजीवर मांडी घालून, पेटी, तबला आणि झांजा. रात्री जेवणं झाली, ताटं घासून झाली की घंटा व्हायची, मोठ्या मुली पेटीजवळ, लहान पुढे, लाईट गेलेली असली (आणि ती जायचीच) तर मधोमध कंदील. दोन भजनं, बायबलमधला एक भाग, आणि मग पाठांतर.

पाठांतराला बाईंनी 119वं स्तोत्र घेतलं होतं. आख्ख्या बायबलमधलं सगळ्यात लांब, 176 वचनं. मूळ हिब्रूत त्याची रचना अशी आहे की 22 अक्षरं, प्रत्येक अक्षराला आठ वचनं, आणि त्या आठही वचनांची सुरुवात त्याच अक्षराने. मराठीत ते उतरत नाही पण आपल्या बायबलात वर अक्षरांची नावं छापलेली असतात, आलेफ, बेथ, गीमेल, दालेथ असं. आम्हाला ती नावं फार आवडायची, पाढे म्हणावेत तशी म्हणायचो. प्रत्येक रूमला एकेक अक्षर वाटून दिलेलं, आमच्या रूमला सातवं आलं, जाइन, म्हणजे 49 ते 56. त्यातलं 55वं वचन साध्या बोलीत सांगायचं तर, देवा, रात्री मी तुझं नाव आठवलं आणि तुझं नियमशास्त्र पाळलं. एवढंच. पण बाईंनी या एका ओळीवर आम्हाला किती महिने बसवलं असेल, त्या म्हणायच्या एका ओळीत दोन कामं आहेत पोरींनो, एक अंधारातलं आणि एक उजेडातलं, आणि जिला एकच जमतं तिला अजून एकही जमलेलं नाही.

त्यामुळे आमच्या बोर्डिंगची प्रार्थना बाकीच्या ठिकाणांपेक्षा वेगळी असायची असं मला नंतर कळलं. आपण सगळे देवापुढे मागण्यांची यादी ठेवतो, पाऊस पाड, पास कर, बाबांना बरं कर, ते आम्हीही करायचो आणि बाई कधी अडवायच्या नाहीत, पण आमेन म्हणायच्या आधी त्या थांबायच्या आणि म्हणायच्या, आता उद्याचं सांगा. म्हणजे प्रत्येकीने मनातल्या मनात देवाला सांगायचं की उद्या मी अमुक करणार आहे. जिच्याशी बोलत नाही तिच्याशी बोलेन, स्वयंपाकघरातली पाळी टाळणार नाही, घरी पत्र लिहीन. ते कुणाला ऐकवायचं नाही, दुसऱ्या दिवशी कुणी विचारणारही नाही. विचारणारा एकच.

आणि बाई त्यासाठी नेहमी शमुवेलाची गोष्ट घ्यायच्या. ती गोष्ट संडेस्कूलमध्ये सगळ्यांनाच शिकवतात, मंदिरात झोपलेल्या लहान शमुवेलाला देव रात्री हाक मारतो, तो तीनदा उठून मंदिराच्या म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे पळतो, आणि मग एली सांगतो की पुन्हा हाक आली तर म्हण, बोल, तुझा दास ऐकत आहे. बहुतेक ठिकाणी गोष्ट इथेच संपते आणि पोरं चित्र रंगवतात. आमच्या बाई पुढचं वचन वाचायच्या. शमुवेल सकाळपर्यंत पडून राहिला आणि मग उठून त्याने परमेश्वराच्या मंदिराची दारं उघडली. प्रत्यक्ष देव बोललाय आणि हा पोरगा सकाळी उठून रोजचं काम करतोय, दारं उघडतोय. मग अजून अवघड काम बाकी होतं, एलीला त्याच्या घराण्याला शिक्षा होणार हा देवाचा निरोप सांगायचा, आणि तोही त्याने काही न लपवता सांगितला, भीती वाटत होती तरी. बाई म्हणायच्या रात्री जे ऐकलं त्याची परीक्षा दाराशी होते.

हाच शमुवेल म्हातारा झाल्यावर शौल राजाला म्हणतो की यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं. हे वाक्य सगळ्यांना माहीत असतं, चर्चच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. पण त्याच अध्यायात थोडं आधी लिहिलंय की शमुवेल त्या दिवशी संतापला, दुःखी झाला, आणि रात्रभर देवाचा धावा करत राहिला, आणि पहाटे उठून शौलाला भेटायला निघाला. ते वाक्य जागून काढलेल्या रात्रीतून आलेलं आहे म्हणून त्याला एवढं वजन आहे. हे मला शाळेत नाही समजलं, नोकरीत रात्रपाळ्या करताना समजलं, पण बी शाळेत पेरलेलं होतं.

1972 चा दुष्काळ ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. आमच्यातल्या निम्म्या जणींचे आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडायला, बोर्डिंगात मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकऱ्या, सुकडी, आणि पाण्याचे तर असे हाल की अंघोळ म्हणजे ओल्या फडक्याने अंग पुसणं. मागच्या अंगणात टाकी होती, टँकर आला की भरायची आणि मग पुढचा टँकर येईपर्यंत प्रत्येकीला मोजून पाणी. कुणीतरी मोठ्यांनी सुचवलं की टाकीला कुलूप लावा, मुली रात्री पाणी काढतील. बाई म्हणाल्या, या पोरी रात्री देवाचं नाव घेऊन झोपतात, मग कुलूप कशाला? आणि हे आमच्यासमोर म्हणाल्या! आम्ही सगळ्या एकदम ताठ बसलो. त्या उन्हाळ्यात रात्री घसा कोरडा पडून मला जाग यायची, टाकी हाकेच्या अंतरावर, अंगणात कुणी नाही, आणि तसंच पडून 55वं वचन म्हणायचं. शेजारच्या अंथरुणावरून पण पुटपुटल्याचा आवाज यायचा. नियम पाळणं म्हणजे धाक नव्हे, कुणीतरी आपल्यावर विश्वास टाकलाय आणि तो आपल्याला जपायचाय, हे मला तिथे कळलं, आणि देवाच्या आज्ञांबद्दल आजही मी असाच विचार करते.

माझी खास मैत्रीण वारकऱ्याच्या घरची होती, डे-स्कॉलर. तिच्याकडे संध्याकाळी हरिपाठ, एकादशीला रात्रभर भजन, आणि माळ घातलेली म्हणून घरात खाण्यापिण्याचे, खरं बोलण्याचे कडक नियम. ती म्हणायची तुमचं आणि आमचं एकच चाललंय. तिचे वडील माळ घातल्यावर बाजारात मापात कधी खोट करत नाहीत अशी त्यांची ख्याती होती. मला ते फार पटायचं.

दहावीनंतर मी नर्सिंगला गेले. आपल्या बोर्डिंगच्या कितीतरी मुली नर्सिंगला किंवा डी.एड.ला गेल्या, तेव्हा तोच रस्ता होता. आणि नाईट ड्युटी लागली तेव्हा मला वाटलं अरे हे तर आपल्याला शिकवलेलंच आहे. रात्री वॉर्डात एक सिस्टर, एक मावशी, आणि पेशंट कितीही. जो पेशंट स्वतः हलू शकत नाही त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं नाहीतर पाठीला बेडसोअर होतात. सलाईनचे थेंब घड्याळ धरून मोजायचे, 20 थेंबांना एक मिलीच्या सेटवर 500 मिली आठ तासांत द्यायचं तर मिनिटाला साधारण 21 थेंब. किती पाणी गेलं, किती लघवी झाली ते लिहायचं. पहाटे टेम्परेचर, पल्स, बीपी. यातलं प्रत्येक काम असं आहे की ते केलं का नाही हे रात्री तीन वाजता कुणी बघायला येत नाही. मी प्रत्येक कॉटपाशी वळवताना त्या माणसाचं नाव घेऊन मनात एक ओळीची प्रार्थना करायचे आणि मग हात लावायचे, म्हणजे प्रार्थना आणि काम वेगळं राहिलंच नाही, मावशी म्हणायच्या सिस्टर तुमचे ओठ कायम हलतात.

एका ठिकाणी, नाव लिहीत नाही, मला सांगण्यात आलं की पहाटेचे चार्ट बसल्या जागी भरून टाका, सगळे तसंच करतात. मी नाही भरले. मग बरंच ऐकावं लागलं, देवमाणूस आली बघा, वगैरे, ड्युट्या पण अवघड लागल्या. तेव्हा जाइनमधलंच 51वं वचन आठवायचं, गर्विष्ठांनी माझी फार थट्टा केली तरी मी तुझ्या नियमशास्त्रापासून ढळलो नाही. ज्या माणसाने रात्री देवाचं नाव आठवलं त्याचीच दिवसा थट्टा झालेली आहे, दोन्ही एकाच कडव्यात आहे, चार वचनांच्या अंतरावर! लहानपणी आठ वचनं एका दमात म्हणायचो तेव्हा हे कुठे लक्षात येतंय.

रात्रीबद्दल अजून एक. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले, आणि मध्यरात्री गाणी गातायत. भूकंप होतो, दारं उघडतात, यावर सगळे प्रवचन करतात. मला नर्स म्हणून आवडतं ते पुढचं, की कैदी पळाले असं समजून तुरुंगाचा अधिकारी जीव द्यायला निघतो आणि पौल ओरडून त्याला थांबवतो, आम्ही सगळे इथेच आहोत. दारं सताड उघडी आणि हे जागेवर! आणि मग तोच अधिकारी रात्रीच्या त्याच घटकेला त्यांच्या जखमा धुतो. भजन, इमानदारी आणि ड्रेसिंग, तिन्ही एका रात्रीत. नर्सिंगच्या मुलींना शिकवायची वेळ आली तेव्हा मी हे सांगायचे, मग त्या कुठल्याही धर्माच्या असोत, त्यांना आवडायचं.

पण सगळ्या रात्री अशा भजनाच्या नसतात हेही लिहायला पाहिजे. आमचे मिस्टर आजारी होते आणि मग गेले, त्या काळात मला प्रार्थनाच येईना. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कॉटपाशी येत होती आणि स्वतःच्या घरात शब्द फुटेना. लोक म्हणायचे विश्वास ठेव, देव सांभाळेल, ते प्रेमानेच म्हणायचे, पण रात्री कानात काही पोचायचं नाही. तेव्हा मी दोनच गोष्टी केल्या. एक म्हणजे जाइनची आठ वचनं पाठ होती ती नुसती म्हणायचे, भाव असो नसो. त्यांची सुरुवातच अशी आहे की देवा, तू तुझ्या दासाला दिलेलं वचन आठव. आधी त्याला आठवायला सांगितलंय, आपलं आठवणं नंतर येतं. ज्या रात्री मला आठवत नव्हतं त्या रात्री त्याला आठवत होतं, यावर मी टेकून राहिले. आणि दुसरं म्हणजे सकाळी उठून जे करायचं ते केलं, डबा, ड्युटी, सासूबाईंची औषधं, चर्चला जाणं. लहानपणी मला वाटायचं की आधी आठवण आणि मग त्या बळावर पाळणं. त्या वर्षी उलटं झालं. पाळत राहिले म्हणून आठवण परत आली, हळूहळू, कधी आली ते सांगता येणार नाही, एका रात्री वॉर्डात सलाईन लावता लावता टिळकांचं भजन ओठावर आलं एवढं खरं. बाईंनी हे असं सांगितलं नव्हतं, पण त्यांनी दोन्ही दोर हातात दिले होते म्हणून एक सुटला तेव्हा दुसऱ्याला धरता आलं.

बाई आता नाहीत. त्यांचं नाव इथे लिहिलेलं त्यांना आवडलं नसतं. ज्या जणी त्यांच्या हाताखाली होत्या त्यांना नाव लिहायची गरज पण नाही.

मुद्द्याचं बोलते. रिटायर झालेय, तब्येत ठीक आहे, फंक्शनला येणारच आहे. कमिटीने बाहेरगावच्यांची राहायची सोय लॉजवर केली आहे असं ग्रुपवर वाचलं, मला लॉज नको, बोर्डिंगात मुलींच्या हॉलमध्ये सतरंजीवर जागा द्या. आणि कार्यक्रम पत्रिकेत भाषणांमध्ये मला पाच मिनिटं ठेवली आहेत ती काढून टाकली तरी चालेल, त्याऐवजी रात्रीच्या प्रार्थनेला अर्धा तास द्या. मुलींना जाइनची आठ वचनं शिकवायची आहेत, पेटी कुणी वाजवणार असेल तर बरं, नाहीतर मी वाजवेन. आपल्या बॅचच्या ज्या येणार असतील त्यांनी आपापल्या रूमचं अक्षर आठवून ठेवा, मी विचारणार आहे.