तीन पीपीएम

तंबाखूमुक्ती बाह्यरुग्ण विभागात रुग्णाच्या शब्दापेक्षा यंत्राच्या आकड्यावर विसंबायची मला सवय आहे, आणि त्या दिवशी नेमके त्या यंत्रानेच मला तोंडघशी पाडले.

घोट्याची हाडे जोडण्याची शस्त्रक्रिया ठरलेले पन्नाशीचे एक गृहस्थ दोन महिन्यांनी पुन्हा आले होते. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हाड सांधायला उशीर होतो, प्रसंगी ते सांधतही नाही, म्हणून त्यांच्या शल्यविशारदांनी तंबाखू सुटल्याचे माझ्याकडून लेखी मागितले होते. पहिल्या भेटीत त्यांच्या उच्छ्वासातील कार्बन मोनॉक्साइड २४ पीपीएम (दहा लाख भागांत २४ भाग) भरला होता. या खेपेस पंधरा सेकंद श्वास रोखून त्यांनी नळीत फुंकर घातली आणि पडद्यावर ३ हा आकडा आला. मी अभिनंदन करून दाखला लिहायला घेतला.

तेवढ्यात वजनासाठी परिचारिकेने त्यांना खिसे रिकामे करायला सांगितले. चाव्यांबरोबर पेनाएवढे एक उपकरण आणि वापरलेले एक आखूड थोटूक ट्रेमध्ये पडले. ते मी उकलून पाहिले. कागद खरपूस तपकिरी झाला होता, पण राखेचा कण नव्हता आणि आत तंबाखूच्या कागदासारख्या पातळ थराच्या घड्या शाबूत होत्या.

"डॉक्टर, ही सिगारेट नव्हे. हिला काडी लागत नाही, धूर होत नाही," ते म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते. सिगारेट त्यांनी खरोखरच सोडली होती.

ओढताना सिगारेटचे टोक सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, आणि कार्बन मोनॉक्साइड प्रामुख्याने त्या अर्धवट ज्वलनातून निघतो. या उपकरणात ग्लिसरॉल मिसळलेला तंबाखू साधारण ३५० अंशांपर्यंतच तापवला जातो. तो पेटत नाही, पण निकोटिनची वाफ व्हायला तेवढी उष्णता पुरेशी असते. माझे यंत्र ज्वलन मोजत होते आणि मी त्याला तंबाखू समजत होतो. लघवीतील कोटिनीनची, म्हणजे शरीरात निकोटिनपासून बनणाऱ्या द्रव्याची, चाचणी मी आधीच करायला हवी होती. तिच्या पट्टीवर निकोटिनचा अंश असल्यास चाचणीची रेघ उमटत नाही, हे नवख्याला उलटेच वाटते. पाच मिनिटे आम्ही दोघेही त्या कोऱ्या जागेकडे पाहत होतो.

"मग सिगारेट सोडून मी काहीच मिळवलं नाही का?" या प्रश्नाला सरळ 'नाही' म्हणणे अन्यायाचे झाले असते. तंबाखू न जाळता तापवणाऱ्या आयकॉस या अशाच एका उपकरणाविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२० मध्ये दिलेल्या आदेशात, सिगारेट पूर्णपणे सोडून त्याकडे वळल्यास घातक रसायनांशी येणारा संपर्क घटतो, असे सांगण्याची मुभा होती; आजाराचा धोका घटतो, असे म्हणण्याची मात्र नव्हती. हा फरक मी त्यांना समजावून सांगितला. फॉर्माल्डिहाइडसारखी द्रव्ये कमी होतात, संपत नाहीत, हेही सांगितले. त्यांच्या घोट्याच्या दृष्टीने मात्र या सगळ्याला काही अर्थ नव्हता, कारण तिथे अडचण निकोटिनचीच होती.

अर्धवट लिहिलेला दाखला मी फाडला आणि शल्यविशारदांना फोन करून तारीख पुढे ढकलायला सांगितले. त्वचेवर चिकटवायची निकोटिनची पट्टी या रुग्णाला देण्यात अर्थ नव्हता, म्हणून व्हॅरेनिक्लिन हे निकोटिन नसलेले, तलफ कमी करणारे औषध सुरू केले. ते गृहस्थ गेल्यावर आमच्या केसपेपरवरचा 'सिगारेट ओढता का?' हा छापील प्रश्न खोडून मी तिथे हाताने लिहिले, 'तंबाखू कोणत्या रूपात घेता?'