आमची वाटचाल : 'दर सर्व करांसह'

आमची फर्म २००४ सालची. महाविद्यालये आणि सार्वजनिक विद्यापीठांच्या प्रयोगशाळांना उपकरणे पुरवायची, बसवायची आणि नंतर सांभाळायची, हा धंदा. शेवटचा भाग फार जण करत नाहीत, आम्ही करतो. सुरुवातीला कोटेशनवर भागायचे: तीन पाकिटे, तुलना तक्ता, विभागप्रमुखांची सही. मग महाटेंडर्स हे राज्य सरकारचे ई-निविदा पोर्टल आले, डिजिटल सहीचे टोकन आले, तांत्रिक आणि आर्थिक असे दोन लिफाफे झाले, आणि बीओक्यूची, म्हणजे दर भरायच्या तक्त्याची, ती एक्सेल फाइल आली, जिचे नुसते नाव बदलले तरी पोर्टल नाक मुरडते. त्यातही रुळलो. २०२१ पर्यंतचे विशेष सांगण्यासारखे नाही. कामे मिळत गेली, बिले उशिरा का होईना निघत गेली.

२०२२ मात्र सांगायलाच हवे.

जानेवारीत एका विद्यापीठाची निविदा निघाली. एक एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र), एक एफटीआयआर (अवरक्त किरणांनी पदार्थ ओळखणारे). आम्ही एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचे, आलो: ४० लाख अधिक ५ टक्के जीएसटी, एकूण ४२ लाख. ५ टक्के का, हे या धंद्यातल्यांना समजावायला नको. केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची (डीएसआयआर) नोंदणी असलेल्या विद्यापीठांना संशोधनाच्या उपकरणांवर तेव्हा ती सवलत होती. दराची वैधता १८० दिवस. मार्चअखेर निधी परत जाईल म्हणून रात्री फोन करून कागद मागणारी मंडळी एप्रिल उजाडताच ओळख विसरली. आधी खरेदी समितीची बैठक लांबली. मग लेखा विभागाने शंका काढली. मग शंका काढणारे रजेवर गेले. पुरवठा आदेश हातात पडला जूनच्या शेवटी, वैधता संपत आलेली असताना. नाकारावा तर निविदेसोबत भरलेली बयाणा रक्कम जप्त, वर काळ्या यादीची टांगती तलवार.

जानेवारीत ७५ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर जुलैत ८० ला टेकला. एफटीआयआर बाहेरून येणार होते, म्हणजे नफा तिथेच गेला. आणि १८ जुलैपासून ती ५ टक्क्यांची सवलतच रद्द झाली. ५ चे झाले १८ टक्के.

ऑगस्टमध्ये माल पोचला, तर खोलीत एसी नाही. मल्टीमीटर लावला. न्यूट्रल आणि अर्थिंगच्या तारांमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर जाऊ नये, तिथे ११. भर पावसाळा. एफटीआयआरमधली पोटॅशियम ब्रोमाइडची खिडकी ओलावा ओढून घेते. एकदा धुरकट झाली की संपले. आम्ही खोका फोडला नाही. खोली त्यांची, वायरिंग त्यांचे, पण इन्स्टॉलेशन लांबल्याचा आठवड्याला अर्धा टक्का दंड आमच्या नावावर चढत गेला. पुढे दोन्ही यंत्रे नीट बसली. तपासणीसाठी पॉलिस्टायरिनची फिल्म लावली तर १६०१ तरंगसंख्येचे शिखर जिथे हवे तिथेच. विद्यापीठाच्या जडसंग्रह (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीत नोंद झाली. बिल गेले ४७ लाख २० हजारांचे.

उत्तर आले: आदेशात 'दर सर्व करांसह' असे म्हटले आहे, सबब ४२ लाखच देय. सवलत काढली सरकारने, आदेश पाच महिने दाबून ठेवला विद्यापीठाने, आणि वरचे १३ टक्के कोणी सोसायचे? आमचा जीएसटी तर २० सप्टेंबरच्या आत भरून झाला होता, ओव्हरड्राफ्टमधून. ४२ लाखांतून दंड कापून उरले ते हातात आले, पुढच्या मार्चमध्ये.

एमएसएमई कायद्यात लघुउद्योगांची बिले चुकवायला ४५ दिवसांची मुदत आहे ना, असे लोक विचारतात. आहे. पण २०२१ मध्ये आम्हा व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) परत दिली ती फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. बयाण्याची सूटही नाही, उशिराचे व्याजही नाही.

त्या हिवाळ्यात ओव्हरड्राफ्ट काठोकाठ भरला. दोन तंत्रज्ञांपैकी एकाला थांबवावे लागले. तो गेला कुठे, तर त्याच निविदेतल्या एल-टूकडे, म्हणजे आमच्या खालोखाल दर असलेल्यांकडे. हे एल-टू म्हणजे कोण, तर ज्यांच्या माहितीपत्रकातले आकडे निविदेच्या तांत्रिक अटींत जसेच्या तसे उतरतात ते. एकदा यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरची बँडविड्थ मागितली होती '१.८ नॅनोमीटर'. आमची १ नॅनोमीटर, म्हणजे सरस. तुलना तक्त्यात शेरा पडला: विनिर्देशांशी विसंगत. बँडविड्थ जितकी कमी तितके जवळजवळचे तरंग नीट वेगळे दिसतात, हे बीएस्सीच्या मुलालाही कळते.

असे सगळीकडे नसते, हेही लिहायला हवे. अपवर्तनांक मोजणारा आमचा पहिला अॅबे रिफ्रॅक्टोमीटर घेतला तो दुसऱ्या एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातल्या मॅडमनी. माझ्यादेखत ऊर्ध्वपातित पाण्याचा थेंब टाकून १.३३३० वाचले आणि मगच चलनावर सही केली. विनिर्देश त्या स्वतः लिहायच्या. प्रत्येक आकड्यापुढे 'किमान' किंवा 'कमाल' हा शब्द असायचाच. आमच्या अडचणीच्या वर्षी त्यांनी विभागातल्या सगळ्या उपकरणांचे वार्षिक देखभाल कंत्राट रीतसर निविदा काढून, एप्रिलमध्येच लावले. आम्ही भरले, आम्हाला मिळाले, आणि तिमाही बिले वेळेवर निघाली. पगार त्यातून झाले. आता त्या निवृत्त आहेत, फोन केला की आधी विचारतात, "अर्थिंग तपासलंत का?"

नव्याने या धंद्यात येणाऱ्या मुलांनो, प्री-बिड, म्हणजे निविदा भरण्याआधीच्या शंकांच्या, बैठकीला जाच. कर बदलला तर फरक कोणाचा, हे तिथे लेखी विचारा आणि उत्तर शुद्धिपत्रकात येईपर्यंत टोकन खिशातून काढू नका. साइट तयार असल्याचे पत्र विभागप्रमुखांच्या सहीने घ्या, मगच माल हलवा. मल्टीमीटर स्वतःचा न्या.

ते ५ लाख २० हजार अजून आमच्या ताळेबंदात 'येणे' म्हणून दिसतात. आमचे सीए दर वर्षी म्हणतात, बुडीत खाती टाकून मोकळे व्हा. मी टाकू देत नाही.